हिऱ्याची पारख

हिऱ्याची पारख म्हणजे दागिन्यात जडवण्यासाठी हिरा निवडताना त्याचे पैलू, रंग, स्वच्छता आणि वजन तपासून त्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत होय. सोन्याची शुद्धता एका आकड्यात सांगता येते. हिऱ्याची प्रत मात्र एकाच निकषावर ठरत नाही. त्यामुळे समान वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक असू शकतो.

पार्श्वभूमी

प्राचीन भारतीय रत्नशास्त्रात हिऱ्यातील बिंदू, रेखा, काकपद इत्यादी दोषांचे वर्णन आढळते. प्रत्यक्ष हिरा न पाहता केलेल्या व्यवहाराचे प्रसिद्ध उदाहरण हैदराबाद संस्थानातील आहे. बीड जिल्हा 1948 पर्यंत याच संस्थानात होता. सहावा निजाम मीर महबूब अली खान याने जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडील हिऱ्याची प्रतिकृती पाहून मोठी रक्कम अनामत ठेवली. प्रत्यक्ष हिरा समोर आल्यावर त्याने तो नाकारला व रक्कम परत मागितली. 1891 मध्ये हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. जेकब निर्दोष सुटला आणि अखेर तडजोड होऊन हिरा निजामाकडेच आला. 184.75 कॅरेटचा हा ‘जेकब हिरा’ भारत सरकारने 1995 मध्ये निजामाच्या इतर रत्नांसह विकत घेतला.

चार निकष

पैलू : हिऱ्याचे तेज प्रामुख्याने पैलूंच्या प्रमाणबद्धतेवर अवलंबून असते. गोल ‘ब्रिलियंट’ हिऱ्यास 57 किंवा 58 पैलू असतात. ते योग्य कोनांत असतील, तर आत शिरलेला प्रकाश परावर्तित होऊन वरच्या बाजूने बाहेर पडतो. हिरा फार उथळ किंवा फार खोल असल्यास प्रकाश तळातून वा बाजूंनी निसटतो आणि हिरा निस्तेज दिसतो. खोल हिऱ्याचे वजन तळात दडलेले असल्याने तो वजनाच्या मानाने लहानही भासतो. चांगले पैलू पाडलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे 6.5 मिलिमीटर असतो.

वजनापेक्षा पैलूंना महत्त्व का दिले जाते, हे ‘नाशिक हिऱ्या’च्या इतिहासावरून स्पष्ट होते. त्र्यंबकेश्वर मंदिराशी संबंध असलेला हा हिरा 1818 मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांच्या हाती गेला. लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडल्यावर त्याचे वजन सुमारे 80 कॅरेट राहिले. पुढे 1940 मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो विकत घेऊन पुन्हा पैलू पाडले आणि तो 43.38 कॅरेटचा झाला. जवळजवळ निम्मे वजन गमावून त्याने निर्दोषता आणि तेज मिळवले.

रंग : रंगहीनतेची श्रेणी ‘डी’ या इंग्रजी अक्षरापासून ‘झेड’पर्यंत मोजतात. ‘डी’ पूर्णतः रंगहीन असतो व पुढे पिवळसर झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात किंचित झाक असलेला हिराही पांढरा दिसतो.

स्वच्छता : दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आतील व पृष्ठभागावरील दोष पाहून 11 श्रेणी ठरवल्या जातात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म दोषांमुळे तेज सहसा कमी होत नाही. मात्र कडेला आलेली चीर जडाईच्या वेळी हिरा तुटण्यास कारणीभूत ठरू शकते.

वजन : 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, अर्थात 100 सेंट. अनेक लहान हिऱ्यांचे एकत्रित वजन एक कॅरेट भरले, तरी त्यांची किंमत त्याच प्रतीच्या एक कॅरेटच्या एकाच हिऱ्याइतकी नसते.

नैसर्गिक, प्रयोगशाळेतील आणि नकली

प्रयोगशाळेत तयार केलेला हिरादेखील कार्बनचाच असतो. तो भिंगाने वेगळा ओळखता येत नाही, परंतु त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्यापेक्षा बरीच कमी असते. बाजारातील ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्युबिक झिर्कोनिया होय. तो हिरा नव्हे. मॉइसनाइट हा खडा उष्णतावाहकता मोजणाऱ्या साध्या यंत्रावर हिरा म्हणून दाखवला जाऊ शकतो.

प्रमाणपत्र आणि पावती

हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, हिऱ्याची नाही. ‘18 कॅरेट’ ही सोन्याची शुद्धता असून हिऱ्याचे कॅरेट हे वजन आहे. या दोहोंत गल्लत होण्याचा संभव असतो. हिऱ्यासाठी जीआयए, आयजीआय यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळांचा अहवाल घेतला जातो. अहवालाचा क्रमांक अनेकदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. कोंदणात बसवल्यावर काही दोष झाकले जात असल्याने मोठा हिरा सुटा असतानाच तपासणे श्रेयस्कर ठरते.

पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे वजन व प्रत आणि हिरे नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, हे स्वतंत्रपणे नमूद असावे. अर्धा कॅरेट हिऱ्याचे 0.1 ग्रॅम वजन सोन्याच्या भावाने आकारले गेले नाही ना, हे त्यावरून पडताळता येते.

फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातही ती दाखल करता येत असल्याने, मुंबईत हिरा खरेदी केलेल्या बीडच्या रहिवाशाला बीडमध्येच दाद मागता येते. अशा वेळी तपशीलवार पावती आणि प्रयोगशाळेचा अहवाल हेच महत्त्वाचे पुरावे ठरतात.