पायाखालचा हत्ती

मयूर विहारच्या घरातून आजचा भाग. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा स्वीडनमध्ये असतो. त्याने तानुमच्या खडकांवर कोरलेल्या नावांचे, म्हणजे होड्यांचे, फोटो पाठवले. कांस्ययुगातली ही शिल्पं १९९४ पासून जागतिक वारसा आहेत. शेजारीण म्हणाली, "भाऊ, असलं आपल्याकडे कुठलं?" म्हटलं, वहिनी, आहे की, कोकणात!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभ्या दगडात माणसं, मासे, वाघ, हत्ती आणि अर्थ न लागलेल्या चौकोनी नक्षी कोरलेल्या आहेत. यांना कातळशिल्पं म्हणतात. काहींचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे जातो, असं अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं आली: रत्नागिरीतली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ.

तानुमचे खडक बरेचसे उतरते असतात, त्यामुळे समोर उभं राहून चित्र दिसतं. आपली शिल्पं सपाट जमिनीवर पसरलेली. मी कशेळीला भर दुपारी पोचलो आणि विचारलं, "हत्ती कुठाय?" सोबतचे गावकरी हसून म्हणाले, "काका, जरा बाजूला या. तुम्ही त्याच्या पाठीवरच उभे आहात." हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी! लाज वाटली.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं पडलं की खाचांत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. दुपारी सगळा कातळ एकसारखा भासतो. दोन, रेषांत खडू, चुना, रंग भरू नका आणि शिल्पावर पाय देऊ नका. उत्तरेकडे पूर्वी रेषा लाल रंगाने भरत. नॉर्वेच्या आल्टामध्ये आता तोच रंग काढून टाकण्याचं काम करावं लागतंय.

धोका मात्र आपल्या पायांपुरता नाही. याच जांभ्याचे चिरे घरांना लागतात. जिथे खाण किंवा रस्ता होतो, तिथे कोरीव रेष दगडासकट जाते. गवताखालचं शिल्प कुणाला माहीतच नसेल, तर ते वाचवायला कोण उभं राहणार?

या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, "सड्यावर काही कोरलेलं आहे का हो?" उत्तर मिळालं, तर मुलांना घेऊन बघून या. भेटू पुढच्या भागात.