ई-पुस्तक थेट ब्राउझरमध्ये का उघडू नये?

सातारा-सांगली एसटीत शेजारची मुलगी मोबाइलवर पीडीएफ वाचत होती. प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत. बघून जीव तुटला.

पीडीएफचं पान छपाईसाठी आखलेलं असतं, पडदा लहान झाला तरी ते बदलत नाही. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातला मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो. आणि ईपब म्हणजे मुळात झिप फाइल. आत एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे वेबपानंच! तरीही क्रोम ती थेट उघडत नाही, वेगळं ॲप लागतं.

याउलट वाईत घडलेला मराठी विश्वकोश बघा. पहिला खंड १९७६चा. आज नोंदी युनिकोडमध्ये ब्राउझरवर आहेत. अक्षर मोठं करा, शब्द शोधा, दुवा पाठवा. मराठी ई-पुस्तकांनी हाच रस्ता धरावा, असं मला मनापासून वाटतं.