घरबसल्या नर्सिंगची डिग्री? फी भरण्याआधी हे वाचा

फुलंब्री : बारावी झालेल्या मुलीला 'घरी बसून नर्सिंगची डिग्री मिळेल' असं कुणी सांगितलं, तर आधी थांबा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन, तर एएनएम दोन वर्षांचं. तिन्हींसाठी कॉलेजात आणि दवाखान्यात हजेरी लागतेच. सलाईन लावणं, बाळंतपण करणं नुसत्या पुस्तकातून येत नाही.

मग दूरशिक्षण कुणासाठी? जीएनएम होऊन नोंदणी झालेल्या, नोकरीतल्या सिस्टरसाठी. इग्नूचा तीन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा कोर्स त्यांच्यासाठीच आखलेला आहे. त्यातही प्रात्यक्षिकं करावीच लागतात.

म्हणून फी भरण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते तपासा. कौन्सिलकडे नोंदणीच झाली नाही, तर हातात नुसता कागद राहतो, नर्सची नोकरी नाही.