सासूबाईंच्या वाटीतलं आइस्क्रीम

वैशाखातली दुपार, आणि तीही आमच्या ढाणकीची! ज्या मैत्रिणींनी यवतमाळकडचा उन्हाळा पाहिलेला नाही त्यांना काय सांगावं? पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून दंड भरून आलेले, आणि नेमकी दोन वाजता लाइन जाते. अशात घर पाहुण्यांनी भरलेलं. नांदेडहून नणंदबाई आलेल्या, पुसदहून धाकटे भाऊजी, आणि सगळ्यांची मिळून सात मुलं. दुपारची झोप मोडली की सातही तोंडांतून एकच घोष – "मामी, आइस्क्रीम!" "काकू, आइस्क्रीम!"

माझं आइस्क्रीम नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे, म्हणजे निदान तसा माझा समज होता. दूध, साखर, तीन चमचे कस्टर्ड पावडर आणि वरून आंब्याचा रस, अशी माझी कृती. बारा उन्हाळे तेच केलं. त्या दिवशीही केलं आणि वाट्या भरून सगळ्यांना दिल्या. एक वाटी सासूबाईंपुढे ठेवली.

"मले नको बाई. तुम्ही खा," त्या म्हणाल्या.

"आई, आखाजी होऊन आठ दिवस झाले. आता आंबा खायला काय हरकत?" आमच्याकडे आखाजीला पितरांना आंब्याचा रस दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडात घालत नाही. मला वाटलं, तेच काही मनात असेल.

"आंब्याचं नाही वो. आज मोहिनी एकादशी हाय. अन् तुह्या त्या पिवळ्या पावडरीत मक्याचं पीठ असते ना?"

मी गप्पच झाले. सोमवार, दोन एकादश्या, संकष्टी – महिन्यातले निदान सात दिवस सासूबाईंचे उपासाचे. पाहुणे येणार, आइस्क्रीम होणार, आणि दहातल्या तीन-चार वेळा त्यांची वाटी हळूच धाकट्या नातवाकडे सरकणार. विचारलं की म्हणायच्या, "दाताले गार सोसत नाही." मीही खरं मानून मोकळी झाले होते! घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला चालणार नाही असा पदार्थ मी बारा वर्षं कौतुकानं करत होते, आणि त्यांनी एका शब्दानं कधी मला जाणवू दिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी अपरा एकादशी होती. तेवढ्यात कस्टर्डशिवाय आइस्क्रीम जमवायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

कस्टर्ड पावडर म्हणजे काय?

आपण डबा उघडतो, चमचा मारतो आणि मोकळ्या होतो. खरं म्हणजे ती असते मक्याचं सत्त्व, पिवळा रंग आणि व्हॅनिलाचा वास. खरं कस्टर्ड अंड्याचं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून १८३७ साली त्यांनी अंड्याऐवजी मक्याचं सत्त्व वापरून ही पावडर केली. म्हणजे घरातल्या एका बाईला खाता यावं म्हणून जी वस्तू जन्माला आली, तिच्यामुळेच माझ्या घरातली एक बाई आइस्क्रीमला मुकत होती!

कस्टर्ड आपण घालतो ते दाटपणासाठी. दूध पातळ असलं तरी पीठ त्यातलं पाणी धरून ठेवतं आणि बर्फाचे खडे होऊ देत नाही. पण मोबदल्यात एक पिठूळ चव येते, आणि फळाचा वास तिच्याखाली दबून जातो. हापूस घाला की गावरान आंबा, शेवटी लागतं ते कस्टर्डच.

पहिला प्रयत्न फसला

मी काय केलं, तर नेहमीच्याच कृतीतून पावडर तेवढी वगळली. दुसऱ्या दिवशी डबा काढला तर आत पिवळा दगड! चमचा वाकला. आमच्या ह्यांनी शांतपणे विचारलं, "अडकित्ता आणू का?" मुलं हसून लोळली. मी मात्र विचारात पडले.

चूक उघड होती. दुधात सर्वांत जास्त काय, तर पाणी. पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात, आणि सावकाश गोठलं तर ते मोठे, करकरीत होतात. पीठ काढून टाकलं तर त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. ते काम चौघं मिळून करतात. पहिलं, दूध आटवून पाणीच कमी करणं. दुसरं, साय. तिसरं, साखर, ती गोडीसाठी तर असतेच, पण आइस्क्रीम मऊ राहतं तेही तिच्यामुळे. साखर कमी पडली तर दगड होतो, फार झाली तर आइस्क्रीम जमतच नाही. आणि चौथं, घुसळणं. त्यानं स्फटिक मोडतात आणि आत हवा शिरते.

आंब्याचं आइस्क्रीम (बारा-चौदा वाट्या)

साहित्य : म्हशीचं सायीसकट दूध २ लिटर, साखर सव्वा वाटी (सुमारे २५० ग्रॅम), ताजी गार साय दीड वाटी, आंब्याचा दाट रस अर्धा लिटर.

कृती : जाड बुडाच्या पातेल्यात दूध मंद आचेवर ठेवून निम्मं, म्हणजे १ लिटर होईपर्यंत आटवा. सारखं ढवळा, कडेची साय खरवडून आत घ्या. तळाला लागू देऊ नका; करपलेला वास कशानंही झाकत नाही. उतरवण्याआधी साखर घालून विरघळवा. दूध पूर्ण निवलं की फ्रिजमध्ये चार तास गार करा. आंब्याचा रस गाळून तोही गार करा. नंतर दूध, रस आणि साय एकत्र करून मिक्सरमध्ये अगदी अर्धा मिनिट फिरवा. जास्त फिरवलंत तर सायीचं लोणी सुटेल! आता चव पाहा. मिश्रण किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते.

मिश्रण उथळ ॲल्युमिनियमच्या डब्यात ओतून झाकण लावा आणि फ्रीझरमध्ये सर्वांत गार जागी ठेवा. दोन-अडीच तासांनी कडा जमतात आणि मध्य पातळ असतो. तेव्हा बाहेर काढून मिक्सरमधून किंवा रवीनं भराभर घुसळा आणि परत ठेवा. दीड-दोन तासांनी पुन्हा एकदा घुसळा. मग सहा-सात तास हात लावू नका. हे दोनदा घुसळणं टाळू नका. पिठाची सगळी भरपाई तिथेच होते.

लाइन गेली तर? पॉट काढा!

आमच्यासारख्या गावात फ्रिजच्या भरवशावर बसून चालत नाही. अपरा एकादशीच्या सकाळीच लाइन गेली आणि मी डोक्याला हात लावला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावर पॉट हाय ना तुह्या सासऱ्याचा!" लाकडी बादली, आत कल्हईचा डबा, त्यात फिरणारी पाती आणि वर दांडा. हा हातानं फिरवायचा पॉट मूळचा अमेरिकेतला, आणि त्याचं पेटंट १८४३ साली घेतलं ते नॅन्सी जॉन्सन या बाईंनी. ज्या फिलाडेल्फियाच्या त्या, तिथलं आइस्क्रीमही अंडी-कस्टर्ड न घालता, नुसत्या दुधा-सायीचं करण्याबद्दल प्रसिद्ध होतं.

चार लिटरच्या पॉटला सात-आठ किलो बर्फ आणि दोन किलो जाडं मीठ लागतं. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. मीठ पडलं की तो भराभर वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे बादलीतलं पाणी शून्याच्या खाली पंधरा अंशांपर्यंतही उतरतं. मिश्रण आधीच गार करून घ्या. डबा दोन-तृतीयांशच भरा, कारण आइस्क्रीम फुगतं. भोवती बर्फाचा थर, मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. पहिली दहा मिनिटं दांडा सावकाश फिरवा, नंतर जोरात. पंचवीस-तीस मिनिटांनी दांडा जड झाला की समजा, झालं. मग पाती काढा, झाकण घट्ट लावा, खारं पाणी काढून नवा बर्फ-मीठ भरा आणि वर गोणपाट टाकून तासभर ठेवा. झाकण उघडण्याआधी ते पुसायला विसरू नका, नाहीतर खारट थेंब आत पडायचा. आणखी एक – कारखान्यातल्या लादीचा बर्फ फक्त बाहेरून लावायचा. तो पोटात घालण्यासाठी नसतो, मुलांना चोखायला देऊ नका.

कोणतं फळ कसं?

सीताफळ – दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे पाट्याच्या पाट्या येतात. बिया काढून गर घ्या, पण गरम मात्र कधीही करू नका. सीताफळ शिजलं की कडवटपणा येतो. थंड दुधातच मिसळा. थोडा गर अखंड ठेवून दुसऱ्या घुसळणीनंतर घाला, दाताखाली छान येतो.

चिक्कू – पूर्ण पिकलेलाच घ्या. कच्चट चिक्कूचा चीक घशाला धरतो. चिक्कू गोड असतो, म्हणून साखर पाव वाटी कमी.

संत्री – नागपूरचा अभिमान, पण रस आंबट. दुधात घातला की दूध फाटलंच! साली-बिया काढलेल्या फोडी साखरेत दाट शिजवून, पूर्ण गार करून, अर्धवट जमलेल्या आइस्क्रीममध्ये मिसळा. स्ट्रॉबेरीलाही हीच युक्ती.

अननस – कच्चा कधीच नको. त्यातल्या रसानं दुधातली प्रथिनं तुटतात आणि कडू चव येते. साखरेत पाच-सात मिनिटं उकळून घेतला की बिनघोर.

कलिंगड – नुसतं पाणीच. त्याचं आइस्क्रीम करण्याच्या फंदात पडू नका. रसात साखर-लिंबू घालून गोळा करा, मुलं खूश.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

लाइन जाऊन आइस्क्रीम पूर्ण पातळ झालं तर ते पुन्हा जमवू नका. करकरीत तर होतंच, पण दुधाचा पदार्थ उन्हाळ्यात तासन् तास तसाच राहिला की पोटाला धोका. लगेच लक्षात आलं आणि अजून चांगलं गार असेल तर मिल्कशेक म्हणून तेव्हाच संपवा. बराच वेळ कोमट राहिलं असेल तर जीव घट्ट करून टाकून द्या. फुकट गेलेलं दूध परवडतं, दवाखाना परवडत नाही.

दुसरं, विकत आणाल तेव्हा डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायला दुधाचा स्निग्धांश निदान दहा टक्के लागतो, असा आपला कायदा आहे. वनस्पती तेल घातलेलं असेल तर 'फ्रोझन डेझर्ट' असं लिहावं लागतं. चित्र तेच, रंग तोच, आपण मात्र आइस्क्रीम समजून उचलतो.

आणि फळांचं साधं आइस्क्रीम कुणी खात नाही, असं समजू नका. मंगळूरजवळच्या मुलकी गावच्या एका फळविक्रेत्याचा मुलगा, रघुनंदन कामत, यांनी १९८४ साली मुंबईत जुहूला दुकान काढलं ते दूध, साखर आणि फळ एवढ्याच भांडवलावर. तेच पुढे 'नॅचरल्स' म्हणून नावारूपाला आलं. कामत २०२४ साली गेले, पण त्यांच्या सीताफळाच्या आइस्क्रीमची चव लोक अजून सांगतात. त्यांना जमलं ते आपल्या स्वयंपाकघरात का जमू नये?

तर त्या एकादशीला अंगणातल्या कडुनिंबाखाली पॉट मांडला. मुलांनी आळीपाळीनं दांडा फिरवला. मी मिठाची थैली ओतायला लागले तशा सासूबाई दचकल्या.

"सूनबाई, हे मीठ उपासाले चालते ना?"

"आई, ते बाहेर आहे. आइस्क्रीम आत!"

त्या हसल्या. मग स्वतःच पदर खोचून पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "सरका रे पोरांनो, तुमच्यानं नाही होत." शेवटची पाच मिनिटं दांडा त्यांनी फिरवला.

पहिली वाटी मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, काही बोलल्या नाहीत. धाकटा नातू सवयीनं शेजारी जाऊन बसला होता, वाटी आपल्याकडे सरकेल म्हणून. ती सरकली नाही. वाटी पुसून लख्ख झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दाताले काही झालं नाही बाप्पा!"

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी तुमच्या घरी कुणी वाटी हळूच बाजूला सरकवली, तर "आवडत नसेल" असं समजून मोकळ्या होऊ नका. एकदा विचारून बघा. आणि हो, सायीचं भांडं आजपासूनच भरायला ठेवा!