घरांतील विजेची पेटी केव्हां बदलावी?

विहिरीवरील मोटर जळाली तर ती खबर शेतकऱ्यास त्याच दिवशीं लागते, कारण पाटाचें पाणी बंद होतें. राहत्या घरांतील विजेची पेटी मात्र वर्षानुवर्षें आंतून बिघडत असली तरी दिवे लागतच राहतात. आणि जोंवर दिवे लागत आहेत तोंवर पेटी ठीक आहे असा आपला समज असतो. हा समज चुकीचा असून प्रसंगीं जिवावर बेतणारा आहे. सबब पेटी बदलण्याची वेळ कशी ओळखावी, ह्याचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतों. आमच्या घरीं वीज आली ती १९७८ सालीं. ओसरीवर एक सागवानी फळी, तीवर लोखंडी मेन स्विच, शेजारीं चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज, आणि तेथून लांकडी पट्ट्यांवरून सर्व घरभर फिरविलेली ॲल्युमिनियमची तार, इतकाच सरंजाम होता. साठ वॅटचे सहा दिवे, माजघरांतील एक पंखा व एक रेडिओ हीं सर्व एकदम चालविलीं तरी भार साडेचारशें वॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टच्या दाबास अवघा दोन अँपियर होई. पुढें त्याच फळीवर एकेक पाहुणा येत गेला. फ्रीज, मिक्सर, इस्त्री, पाणी तापविण्याची दीड हजार वॅटची कांडी, घरगुती पिठाची गिरणी, गच्चीवरील टाकींत पाणी चढविणारी लहान मोटर. सकाळीं कांडी, गिरणी व मोटर एकदम चालू असल्या म्हणजे प्रवाह तेरा-चौदा अँपियरपर्यंत जाई. दिव्यांचा भार एलईडीमुळें उलट कमी झाला होता, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट.

प्रवाह सातपट झाला म्हणजे तार सातपट तापते असें नाहीं. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, आणि सातपट तर सात साते एकोणपन्नास पट. भिंतीवरील तार तीच, तिचे सांधे तेच, स्क्रूही तेच. ॲल्युमिनियम हा मऊ धातू असल्यामुळें वारंवार तापून निवाल्यानें तो स्क्रूखालीं दबतो व सांधा सैल होतो. सैल सांधा अधिक तापतो, आणि अधिक तापल्यानें आणखी सैल होतो.

ह्या अवस्थेंत फ्यूज वारंवार जाऊं लागला. त्या वेळीं आम्हीं जें केलें तें पुष्कळ घरीं होतें, म्हणून लपवीत नाहीं. पांच अँपियरची फ्यूजतार ०.२ मिलिमीटर जाडीची, केसासारखी असते. पंधरा अँपियरची ०.५ मिलिमीटरची. आम्हीं वायरच्या एका तुकड्यांतील चार धागे पिळून फ्यूज बांधला. फ्यूज जाणें बंद झालें, व आम्हांस वाटलें कीं दुखणें बरें झालें! वास्तविक आम्हीं राखणदाराचे हातपाय बांधून ठेविले होते. फ्यूज हा उपकरणाचे रक्षणार्थ नसून तारेचे रक्षणार्थ असतो. तार धोक्याच्या पलीकडे तापण्यापूर्वीं त्यानें वितळावें, हेंच त्याचें काम. पुढें एका हिंवाळ्यांत सायंकाळीं ओसरीवर करपल्याचा वास आला. फळी उतरवून पाहतों तों तिची मागील बाजू वीतभर कोळसा झालेली. भिंतीच्या पलीकडल्या खोलींत वेंचलेला कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता.

ह्यावरून ध्यानांत घेण्याजोगें पहिलें लक्षण म्हणजे फ्यूज किंवा एमसीबी वारंवार पडणें; आणि त्याहून वाईट लक्षण म्हणजे पूर्वीं वारंवार पडणारा फ्यूज एकाएकीं पडेनासा होणें. फ्यूजांत काय बांधलें आहे हें मेन बंद करून एकदां अवश्य पाहावें. दुसरें लक्षण स्पर्शाचें. गिरणी अर्धा तास चालल्यावर पेटीच्या झांकणावर कोरड्या हाताची मागील बाजू टेकावी. झांकण धातूचें असेल तर आधीं टेस्टरनें त्यांत वीज उतरली नाहीं ह्याची खात्री करावी. झांकण गरम लागलें, आंतून चरचर किंवा गुणगुण ऐकूं आली, सॉकेटाच्या भोंकांभोंवतीं तपकिरी डाग दिसले, अथवा जळक्या बॅकेलाईटचा उग्र वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. खोलीखोलींतून लोंबणारे एक्स्टेन्शन बोर्ड व एका सॉकेटांत खोंचलेले तीन तीन प्लग हेंही पेटी अपुरी पडल्याचेंच चिन्ह समजावें.

दिव्यांच्या मंद होण्याचा अर्थ मात्र विचार करून लावावा. सायंकाळीं सर्व आळीचे दिवे मंद होत असतील तर दोष बाहेरील लाइनींत आहे. पेटी बदलून कांहीं साधणार नाहीं. केवळ आपल्याच घरीं गिरणी सुरू होतांच दिवे दबत असतील तर आपली तार बारीक किंवा सांधा सैल आहे, कारण मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. आणि कांहीं दिवे मंद व कांहीं डोळे दिपण्याइतके प्रखर होऊं लागले, तर न्यूट्रल तार तुटल्याची किंवा सैल झाल्याची शंका घ्यावी, मेन तात्काळ बंद करावा व वीज कंपनीस कळवावें. अशा वेळीं दाब २३० च्या पुष्कळ वर जातो आणि फ्रीज, टीव्ही एकदम जळतात.

शेतकऱ्याच्या घरच्या पेटीस शहरांतील पेटीस नसणारे आणखी कांहीं शत्रू आहेत. लांकडी फळीस वाळवी लागते. मातीच्या भिंतीस पावसाळ्यांत ओल येते. गोठ्याच्या भिंतीस टेकून बसविलेली पेटी, किंवा जिच्याखालीं युरियाचीं पोतीं रचलीं आहेत अशी पेटी, लवकर खराब होते, कारण अमोनियाच्या वाफेनें तांबें व पितळ गंजतें. सांध्यांवर हिरवट पांढरी बुरशी दिसते ती हीच. जनावरांकडेही लक्ष ठेवावें. नेहमींच्या हौदावर पाणी पिण्यास गाय बिचकूं लागली, तोंड लावून मागें सरूं लागली, तर हौदाच्या नळांत वीज उतरते आहे काय हें पाहावें. माणसाच्या पायांत चपला असतात. गाय चारी खुरांनीं ओल्या जमिनीवर उभी असते, व थोड्या दाबाचा झटकाही तिला जाणवतो.

येथें अर्थिंगविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण बहुतेक जुन्या पेट्यांचा खरा दोष येथेंच असतो. अर्थिंगचा खड्डा चैत्र-वैशाखांत कोरडा पडला व त्याचा विरोध पन्नास ओहम झाला असें समजूं. फ्रीजच्या सांगाड्यास आंतून जिवंत तार टेकली तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपियरच्या आसपास प्रवाह जमिनींत जाईल. पंधरा अँपियरचा फ्यूज ह्यानें जाणार नाहीं. फ्रीज चालू राहील, त्याचा सांगाडा विजेनें भरलेला राहील, आणि ओल्या पायांनीं त्यास हात लावणाऱ्याच्या अंगांतून जाण्यास तीस मिलिअँपियरहून थोडा अधिक प्रवाहही घातक ठरूं शकतो. मनुष्य वांचविण्याचें काम फ्यूजचें नव्हे आणि साध्या एमसीबीचेंही नव्हे. त्यासाठीं तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी पाहिजे. तो जाणारा व परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतो व फरक पडतांच वीज तोडतो. ज्या पेटींत तो नाहीं ती पेटी, बाकी कितीही सुस्थितींत असो, सुधारण्यास पात्र आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. आरसीसीबी बसवितांच तो वारंवार पडूं लागला म्हणून त्यास वगळून तार जोडून देणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत. घरांत कोठेंतरी वीज गळत आहे हेंच तो सांगत असतो. ती जागा शोधून काढावी.

इतकें सांगितल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे. फ्यूज गेला कीं पेटी बदला असें म्हणणाऱ्याच्या नादीं लागूं नये. एकच इस्त्री लावतांच एमसीबी पडत असेल व इतर वेळीं कांहीं होत नसेल, तर दोष इस्त्रींत आहे. पिठाची गिरणी सुरू होतांना तेवढ्यापुरता एमसीबी पडतो, तेथें बहुधा तो ‘बी’ वर्गाचा असतो. मोटरीसाठीं त्याच अँपियरचा ‘सी’ वर्गाचा घेतला म्हणजे काम भागतें. अँपियर वाढविणें मात्र नको. तें जाड तारेनें फ्यूज बांधण्यासारखेंच आहे.

पेटी बदलण्याचें ठरल्यावर प्रथम बिलावरील मंजूर भार पाहावा. तो एक किलोवॅट असून घरांतील भार तीन-चार किलोवॅट होत असेल, तर आधीं भार वाढवून मिळण्याचा अर्ज करावा. मीटर व त्याचें सील ह्यांस हात लावूं नये. शेतपंपाच्या जोडणीवरून घरांत तार आणण्याचा मोह टाळावा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें, व त्यास प्रथम मेगरनें घरांतील तारांची परीक्षा करावयास सांगावें. आवरणाचा विरोध एक मेगओहमहून कमी भरला तर दोष कोठें आहे हें शोधलेंच पाहिजे. आणि रबरी आवरणाची जुनी तार बोटांनीं वांकवितांच तडकत असेल, तर नवी पेटी जुन्या तारेस जोडणें म्हणजे फाटक्या पोत्यास नवी शिवण घालणें होय. तार चांगली असेल तर जड उपकरणांसाठीं पेटीपासून स्वतंत्र फांटे काढून पुष्कळदां काम भागतें. दिव्यापंख्यांच्या फांट्यास दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. त्या एका फांट्यावर दहांहून अधिक पॉइंट किंवा आठशें वॅटहून अधिक भार घालूं नये. सोळा अँपियरच्या सॉकेटास अडीचची, आणि मोठ्या गीझरास चारची तार घालावी.

आमच्या घरीं हें काम रब्बीची मळणी आटोपल्यावर, पावसाळ्यापूर्वीं करून घेतलें. कापसाची खोली बदलली नाहीं, पेटी मात्र तिच्या भिंतीवरून काढून दाराजवळ, मुलांचा हात न पोंचेल पण रात्रीं सांपडेल अशा उंचीवर आणिली, आणि कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हें झांकणाच्या आंत लिहून चिकटविलें. आरसीसीबीवर परीक्षेची एक लहान कळ असते. ती दाबतांच वीज गेली पाहिजे, न गेल्यास तो निकामी समजावा. विजेचें बिल हातीं येईल त्या दिवशीं ही कळ दाबण्याचा व उन्हाळ्यांत त्याच दिवशीं अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन घागरी पाणी ओतण्याचा प्रघात आम्हीं घरीं ठेविला आहे.