केस प्रत्यारोपण: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

केस प्रत्यारोपणाबद्दल विचारायला येणारी बहुतेक मुलं पंचविशीच्या आसपासची असतात. घरात स्थळं बघणं सुरू झालेलं असतं आणि पुण्यातल्या किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या सेंटरचा आकडाही हातात असतो. शस्त्रक्रिया चांगली आहे. पण आधी केस कशामुळे गेले, ते कळायला हवं.

प्रत्यारोपणाचा उपयोग मुख्यतः आनुवंशिक टक्कल असेल तर होतो. यात कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळू विरळ होतो, पण डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस टिकतात. ते केस मुळासकट काढून पुढे लावले, तर तिथेही टिकतात. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात हे दाखवलं आणि आजची शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. म्हणजे नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे येतात. मागची शिल्लक संपली की संपली. म्हणून बाविसाव्या वर्षी कपाळावर दाट केस लावून घेण्याची घाई करू नका. मूळचे केस पुढेही गळत राहतात आणि मध्येच टक्कल, पुढे केसांची पट्टी असं विचित्र दिसू लागतं.

बाकीच्या केसगळतीला ही शस्त्रक्रिया लागत नाही. टायफॉइड, डेंगी किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात आणि सहसा आपोआप परत येतात. रक्त कमी असणं, थायरॉइड ही कारणं साध्या तपासणीत कळतात. चाई पडली असेल तर तिचे उपचार वेगळे. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस काही दिवसांतच गेले होते. तपासणीत त्यांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं आणि पुढे अनेकांचे केस परत उगवले. त्या वेळी कोणी घाबरून प्रत्यारोपण केलं असतं, तर पैसे वाया गेले असते. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होऊ शकते.

शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती आहेत. एफयूटीमध्ये मागच्या कातडीची पट्टी काढून तिचे ग्राफ्ट करतात. आडवा व्रण राहतो. एफयूईमध्ये साधारण एक मिलिमीटरच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. बारीक ठिपक्यांसारखे व्रण राहतात. म्हणजे ‘बिनव्रणाची’ ही जाहिरात खरी नाही. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, त्यामुळे सेंटरवाले सांगतात तो आकडा ग्राफ्टचा की केसांचा, हे विचारून घ्या.

भूल जागेपुरती असते, पण तिच्या औषधालाही मर्यादा आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एकाच वेळी ९,००० हून जास्त ग्राफ्ट लावल्यावर दोन-तीन दिवसांत एका रुग्णाचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय होता. एका दिवसात सगळं डोकं भरून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, काहीही लपवू नका.

शस्त्रक्रिया कोण करणार, हे लाज न बाळगता विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की कार्यशाळेला हजर राहून किंवा यूट्यूबवर बघून हे प्रशिक्षण पूर्ण होत नाही. प्लास्टिक सर्जन किंवा या शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ हवा. माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरने ती करू नये, हे मी स्वतःच सांगतो. तंत्रज्ञ मदतीला असतात, पण डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असेल का? रिॲक्शन आली तर काय सोय आहे?

आता लग्नाची तारीख. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात. मुळं आत असतात, घाबरू नका. तीन-चार महिन्यांनी नवे केस दिसू लागतात आणि पूर्ण परिणामाला वर्षभर लागतं. उरलेले केस टिकवायला मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड चालू ठेवावं लागू शकतं. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. गरोदर बाईने तर त्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

पहिले दहा-बारा दिवस खपल्या खाजवू नका. हेल्मेट कधीपासून घालायचं ते डॉक्टरांना विचारा आणि तोवर मोटारसायकल घरीच ठेवा. शेतातली धूळ, ऊन टाळा. ताप, पू, वाढत जाणारी वेदना किंवा कातडी काळी पडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर सेंटरच्या फोनची वाट न पाहता १०८ ला फोन करा.