सुटकेनंतरची शिक्षा

न्यायाधीश शिक्षा सुनावतात, ती महिन्यांची वा वर्षांची असते. ती भोगून झाली की माणूस मोकळा, असे कायदा म्हणतो. परंतु गावी परतल्यावर त्याला काम मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही, आणि चोरी कोठेही होवो, शिपाई प्रथम त्याच्याच दाराशी येतो. या दुसऱ्या शिक्षेला मुदत नसते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पारधी बांधवांना हे सांगावयास नको. १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण लोकांच्या मनातील शिक्का गेला नाही. तुरुंगातील कामाची जातवार वाटणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयास २०२४ साली सांगावे लागले.

माणूस सुधारतो कशाने? औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले गेले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियराची ती कल्पना आणि राजेसाहेबांचा तिला आश्रय. तेथे भिंत नव्हती. कैद्यांना कसायला जमीन मिळाली, बायकामुलांसह राहता आले. शांतारामबापूंच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला याच प्रयोगाने प्रेरणा दिली. विश्वास, काम आणि कुटुंब, एवढेच त्याचे भांडवल होते.

येथे आमचीच एक चूक सांगतो. शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाला आम्ही एका जिनात सरकी उचलण्याचे काम मिळवून दिले. मालकाने कुरकूर केली नाही. हरकत घेतली ती आमच्याच हमालांनी, आणि आम्ही गप्प बसलो. पंधरा दिवसांत तो निघून गेला. त्या दिवशी आमची एकजूट थिटी पडली.

म्हणून काही गोष्टी आपण ध्यानात ठेवू या. कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले. त्या मजुरीतून पीडितांच्या भरपाईसाठीही वाटा काढावा, असे सुचविले. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे त्याला कोणी तरी समजावून सांगावयास हवे. सुटकेआधीच त्याचे कागदपत्र तपासावे, घरी निरोप धाडावा आणि कामाची जागा ठरवावी. कारण पहिल्या आठवड्यात जवळ पैसा नसतो, आणि जुने सोबती मात्र वाट पाहात असतात.

सरकार दार उघडून देते. बाहेर उभे असतो ते आपण. तो आपल्या शेजारी कामाला आला, तर सरकून त्याला जागा द्यावयाची की नाही, हे आपणच ठरवावयाचे आहे.